तहाचा आकडा

हैदराबाद संस्थानात हाली सिक्क्याचे चलन होते आणि हद्दीबाहेर पडताच कलदार रुपया लागे. सात हाली रुपयांना सहा कलदार, अशी हुंडणावळ. म्हणून शंभर कलदारांसाठी एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली मोजावे लागत. आकडा नुसता पाहिला तर विक्षिप्त वाटतो. सात आणि सहा यांचे प्रमाण कळले की तो सरळ होतो. दूरसंचाराच्या व्यवहारातही असेच काही आकडे आहेत. तांब्याच्या तारेवरचे १.५४४ आणि २.०४८, प्रकाशतंतूंवरचे १५५.५२ आणि २४८८.३२. हे सारे दर सेकंदाला वाहणाऱ्या मेगाबिटांचे आकडे. गोल संख्या सोडून हे अपूर्णांक का निवडले, हा प्रश्न कोष्टके पाठ करणाऱ्यांनाही क्वचितच पडतो.

महसुलाच्या नोकरीत बिघा, एकर आणि हेक्टर यांची रूपांतरे ज्याने केली आहेत, त्याला ठाऊक असते की कोष्टकापेक्षा जमीन कोणत्या काठीने मोजली हे आधी विचारावे. या क्षेत्रातली काठी म्हणजे माणसाचा आवाज.

ब्रिटिश अभियंता अलेक रीव्ह्ज पॅरिसमध्ये काम करीत असता त्याने आवाजाचे अंकांत रूपांतर करण्याची कल्पना मांडली आणि १९३८ साली फ्रान्समध्ये तिचे पेटंट घेतले. तेव्हाच्या निर्वात नळ्यांनी ती परवडण्याजोगी नव्हती. ट्रान्झिस्टर आल्यावर तिला दिवस आले. टेलिफोनवरच्या आवाजासाठी सुमारे चार हजार कंपनांचा पट्टा पुरतो. त्याच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला ८००० वेळा आवाजाचा नमुना घ्यायचा आणि प्रत्येक नमुना आठ बिटांत लिहायचा. आठ हजार गुणिले आठ, म्हणजे ६४,००० बिट. एका संभाषणाला सेकंदाला चौसष्ट किलोबिट, हे मूळ नाणे. येथे किलो म्हणजे नेमके हजार. संगणकाच्या स्मृतीच्या हिशेबात रूढ झालेले १०२४ येथे चालत नाहीत.

अमेरिकेत बेल कंपनीने १९६२ साली अशी चोवीस संभाषणे एका मार्गावर घातली. शहरातल्या जमिनीखालच्या तारांवर सुमारे सहा हजार फुटांवर मॅनहोल होते. तेथे संदेश पुन्हा ताजा करणारी उपकरणे बसवायची, तर एवढ्या अंतरात तार जेवढे निभावून नेईल तेवढाच वेग ठरवणे भाग होते. चोवीस नमुन्यांचे १९२ बिट आणि ओळखीच्या खुणेचा एक, असे १९३. त्याला ८००० ने गुणले की १.५४४ मेगाबिट. युरोपने पुढे बत्तीस वाहिन्यांचा संच केला. त्यांतल्या तीस बोलण्यासाठी, एक ताल राखण्यासाठी आणि एक घंटी, नंबर, ‘लाइन व्यग्र’ असल्या निरोपांसाठी. बत्तीस गुणिले चौसष्ट, म्हणजे २.०४८. भारताने ही युरोपीय पद्धत स्वीकारली.

पुढची पायरी मात्र अडचणीची निघाली. २.०४८ चे चार संच एकत्र केले तर ८.१९२ व्हावेत, पण प्रत्यक्षात आकडा येतो ८.४४८. निरनिराळ्या ठिकाणची घड्याळे किंचित मागेपुढे असत, म्हणून फरक भरून काढायला जादा बिट घालावे लागत. धान्य मोजताना मापावर वर शीग ठेवावी तसे. त्याच्या चौपटीवर पुन्हा शीग, म्हणून ३४.३६८. अमेरिकेच्या पायऱ्या आणखी वेगळ्या. या प्रकारात सरळ गुणाकार करून वेगाचे रूपांतर करू पाहणारा फसतोच. शिवाय मधल्या गावी एकच संच उतरवायचा तर सगळी मोट सोडून पुन्हा बांधावी लागे.

प्रकाशतंतू आले तेव्हा हा घोळ असह्य झाला. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने नवी मांडणी सुचवली. तिच्यात तेरा ओळींची चौकट होती आणि मूळ वेग ४९.९२ मेगाबिट. युरोपच्या २.०४८ ला ती सोयीची नव्हती. युरोपीयांनी नऊ ओळींचा आग्रह धरला, कारण नऊ ओळींच्या तीन स्तंभांत अमेरिकेचा संच बसतो आणि चार स्तंभांत युरोपचा. अमेरिकेने हे मान्य करून आपला वेग ५१.८४ वर नेला. नऊ ओळी, नव्वद स्तंभ, ८१० घरे. प्रत्येक घर म्हणजे एक नमुना, चौसष्ट किलोबिट. गुणून पाहावे. त्याची तिप्पट १५५.५२, आणि युरोपने तिला आपला पहिला टप्पा मानले. १९८८ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सल्लागार समितीने यावर शिक्कामोर्तब केले. दोन्ही बाजूंनी काही सोडून झालेला हा तह आहे. या चौकटीत युरोपचे ६३ संच बसतात किंवा अमेरिकेचे ८४. मुख्य म्हणजे येथून वर शीग लागत नाही. १५५.५२ ची चौपट ६२२.०८, तिची २४८८.३२, तिची ९९५३.२८, कोठेही पै इकडची तिकडे होत नाही.

संगणकाच्या जगाने हे नाणे कधीच मानले नाही. त्याने दहा, शंभर, हजार अशा गोल संख्या धरल्या. दहा गिगाबिटांची पाळी आली तेव्हा २००२ च्या मानकात एक प्रकार मुद्दाम ९.९५३२८ चा ठेवला, जुन्या जाळ्यात बसावा म्हणून. पुढे गोल आकड्याचीच चलती झाली. मोठा गठ्ठा बिनचूक वाहून नेणे हे खरे काम ठरले आणि आवाज त्या गठ्ठ्यातले किरकोळ सामान झाला.

ग्राहकाला मात्र अजून एक रूपांतर जपावे लागते. जाहिरातीतला वेग बिटांत असतो आणि फाइलचा आकार बाइटांत. आठाने भागल्यावाचून हिशेब जुळत नाही, आणि विक्रेते ते आपण होऊन सांगत नाहीत. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची किमान मर्यादा २५६ किलोबिट होती, म्हणजे चार संभाषणांएवढी. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ती दोन मेगाबिटांवर नेली. फाइलच्या भाषेत हे सेकंदाला २५० किलोबाइट. आणि जुन्या नाण्यात म्हणाल तर ज्या मार्गावर एके काळी तीस माणसे एकाच वेळी बोलत, जवळजवळ तो संपूर्ण मार्ग आता एका घराचा किमान हक्क आहे.