सावजी खानावळ, शिंदी आणि बिअर : हुबळीच्या एका ताटाचा इतिहास

हुबळी-धारवाडचा वारसा सांगायला बसलं की यादी ठरलेली असते. उणकलचं चंद्रमौळेश्वराचं देऊळ, सिद्धारूढ स्वामींचा मठ, एकेकाळी सदर्न मराठा रेल्वेचं मुख्य कार्यालय असलेली धारवाडच्या कर्नाटक कॉलेजची इमारत, गंगूबाई हनगल आणि किराणा घराणं. खाण्याच्या रकान्यात मात्र एकच नाव येतं, ते म्हणजे पेढा. पेढ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबाने तो इथे रुजवला ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो.

माझा प्रश्न त्यापुढचा आहे. हुबळीत पाहुणा आला की आपण त्याला पेढा देतो, पण मांसाहारी असला तर रात्री जेवायला कुठे नेतो? सावजीकडे. म्हणजे पाहुणचारात सावजी आहे, पण वारशाच्या यादीत नाही. सावजीही पेढ्यासारखाच बाहेरून आला आणि इथल्या मातीत रुजला. मग एकाला मखर आणि दुसऱ्याला आडोसा, असं का? या टिपणात मी ते ताट आणि त्याच्या शेजारचा पेला, दोन्हींचा माग काढायचा प्रयत्न केला आहे.

शब्द आधी

मराठीत आपण खाणावळही म्हणतो आणि खानावळही. शिवणावळ म्हणजे शिवायचे पैसे, धुणावळ म्हणजे धुवायचे पैसे. खाणावळ हा शब्द त्याच कुटुंबातला दिसतो. पैसे देऊन जेवायचं ते ठिकाण. कन्नडमध्ये हाच शब्द ‘खानावळी’ होऊन बसला, आणि इतका घरचा झाला की आज उत्तर कर्नाटकात ‘लिंगायत खानावळी’ ही पाटी दिसली की आत ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरलं वांगं, झुणका, शेंगदाण्याची चटणी आणि दही मिळणार हे वेगळं सांगावं लागत नाही. ‘सावजी’ पाटी दिसली की मटण.

उलट गंमतही आहे. कन्नडमध्ये ‘खार’ म्हणजे तिखट. पुण्याहून नवा आलेला माणूस ‘खार’ म्हटल्यावर मिठाचा विचार करतो, होय म्हणून बसतो, आणि मग पहिल्या घासाला त्याला या प्रांताची भाषा कळते.

माग आणि चूल

सावजी म्हणजे सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाज. इकडे एसएसके, पट्टेगार, खत्री अशीही नावं आहेत. पारंपरिक धंदा रेशमाचा आणि विणकामाचा. हुबळी, धारवाड, गदग-बेटगेरी, बेळगाव, सोलापूर अशी त्यांची वस्ती मागांच्या गावांच्या रेषेवरच आहे. सहस्रार्जुन हा कुलपुरुष, म्हणून समाजाच्या परंपरेत नर्मदाकाठच्या माहेश्वराकडून दक्षिणेला आल्याची आठवण सांगितली जाते. घरातली बोली गुजराती-मराठीच्या जवळची, बाजारात कन्नड, आणि देवी तुळजाभवानी. हुबळीच्या दाजीबान पेठेतलं समाजाचं तुळजाभवानीचं देऊळ ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे तीन भाषांचं नातं समजावून द्यायची गरज नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. या समाजात व्यापारी, डॉक्टर, वकील, मास्तर सगळे आहेत. खानावळ ही त्यांची एकमेव ओळख नव्हे. पण शहराला त्यांनी जे दिलं त्यात खानावळ फार मोठी आहे, आणि ती मुळात घरातली चूल होती. मसाला घरात कुटायचा, खोबरं भाजायचं, खिम्याचे उंडे हाताने वळायचे. यातलं बरंचसं काम बायकांचं. पाटीवर मात्र नाव येतं ते घराण्याचं किंवा मालकाचं.

महाराष्ट्रातल्या वाचकांना इथे नागपूर आठवेल. तिथलं सावजी जेवण हलबा कोष्टी समाजाचं. ती मंडळी वेगळी, मसाला वेगळा (त्यात जवस आणि खसखस येते), पण धंदा तोच, माग. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. आपल्याकडे १८८० च्या दशकात रेल्वे आणि तिचा कारखाना आला. दोन्हीकडे हातमागाच्या पोटावर गिरणीच्या कापडाने पाय दिला, आणि दोन्हीकडे विणकरांच्या स्वयंपाकाला नोकरदार, हमाल, व्यापारी, प्रवासी असं नवं गिऱ्हाईक मिळालं. दोन शहरांनी एकमेकांची नक्कल केली असं मी म्हणत नाही. पण मागाचा आवाज कमी होत गेला आणि त्याच घरांतल्या चुलीचं नाव मोठं होत गेलं, हे दोन्ही ठिकाणी दिसतं, आणि तो योगायोग मला वाटत नाही.

ताट वाचताना

सावजी रश्श्याचा लाल रंग बघून बाहेरचा माणूस दचकतो. तो रंग बराचसा ब्याडगी मिरचीचा. ब्याडगी गाव आज हावेरी जिल्ह्यात आहे. १९९७ पर्यंत ते धारवाड जिल्ह्यातच होतं. या मिरचीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिची ख्याती रंगाची, तिखटपणा बेताचा. खरा जाळ हवा असेल तर दुसरी मिरची मिसळावी लागते. म्हणून चांगल्या सावजीचं लक्षण असं, की रंग बघून वाटतं तेवढं पहिल्या घासाला लागत नाही आणि तिसऱ्या घासानंतर कपाळावर घाम येतो.

मिरची स्वतःच पाहुणी आहे. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि घाट चढून इकडे आली. भाकरीची ज्वारी मात्र हजारो वर्षं इथली. थोडक्यात, नर्मदेकडची आठवण, अमेरिकेची मिरची आणि धारवाडची काळी माती हे सगळं एका स्टीलच्या ताटात. याला वारसा म्हणायचं नाही तर कशाला?

शेजारचा पेला

आता अवघड भाग. सावजीची आठवण निघाली की दारूची निघते, आणि तिथेच वारशाची भाषा अडखळते. पण इतिहासाने तोंड फिरवून कसं चालेल?

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा धारवाडचा खंड १८८४ चा. त्यात एकेका जातीबद्दल ठरावीक रकाने भरलेले असतात : घर कसं, पेहराव कसा, मांस खातात का, दारू पितात का. त्या लिहिण्यामागे साहेबाची नजर होती आणि सरकारचा महसूल होता हे खरं. पण काय खाल्लं-प्यायलं जात होतं हे निदान लिहिलं तरी गेलं. आपल्या गौरवग्रंथांत तो रकानाच नसतो.

इथलं जुनं पेय शिंदी. कन्नडमध्ये ‘शेंदी’, मराठीत शिंदी, झाड तेच. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने सरकारचा हात थेट झाडापर्यंत पोचला. छेद दिलेल्या झाडागणिक कर, गाळपावर नियंत्रण, विक्रीला परवाना. पिणं बंद झालं नाही; ते हिशेबाच्या वहीत गेलं.

बिअर हे त्यानंतरचं पाहुणं. ती आधी जहाजातून येत असे. भारतात पाठवायच्या पेल एलमध्ये हॉप्स जास्त घालत, त्यातूनच ‘इंडिया पेल एल’ हे नाव रुळलं. १८५० च्या दशकात एडवर्ड डायरने कसौलीला ब्रुअरी काढली आणि ती इथेही बनू लागली. पण आपल्या भागात बिअर म्हणजे साहेबाच्या क्लबातली, छावणीतली आणि रेल्वे अधिकाऱ्याच्या बंगल्यातली वस्तू. विणकराच्या ताटाशी तिची सोयरीक व्हायला बराच काळ जायचा होता.

त्यात मध्येच पडदा पडला. ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली, आणि धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता. म्हणजे पुण्याला आणि हुबळीला एकच कायदा. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो तरी बंदी लगेच उठली नाही. १९६५ साली म्हैसूरचा अबकारी कायदा झाला आणि १९६० चं दशक संपता संपता दुकानं पुन्हा उघडी झाली. त्या मधल्या वर्षांत कायद्याने उघडं राहिलं ते फक्त ताट. खानावळ चालू, पेला पडद्याआड.

पुढचा टप्पा १ जुलै २००७ चा. कर्नाटकात त्या दिवसापासून ‘सारायी’, म्हणजे गरिबाची स्वस्त देशी दारू, बंद झाली. चारच वर्षांनी, २०११ मध्ये, बेंगळुरूत ‘द बिअर क्लब’ ही तिथली पहिली मायक्रोब्रुअरी उघडली. पुण्यात ‘डूलाली’ त्याआधी, २००९ लाच, सुरू झालेली होती. स्वस्त पेला गेला आणि महाग पेला आला, तोही कारागिरीचं बिरुद मिरवत. हातमागाच्या माणसाला ‘कारागिरी’ म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको होतं, पण त्याच्या ताटाला ते बिरुद कोणी लावलं नाही.

परवान्यांनी आणखी एक भिंत घातली. सीएल-२ म्हणजे बाटली विकणारं दुकान, सीएल-९ म्हणजे बार. साध्या खानावळीकडे यातलं काहीच नसतं; तिथे बसून पिता येत नाही. म्हणून एक तर ‘बार अँड रेस्टॉरंट’मधला सावजी, नाही तर खानावळीतून पार्सल. ताट आणि पेला कायद्याने वेगळे केलेत, आणि लोकांनी घरी नेऊन एकत्र आणलेत.

चव घेऊन पाहिली

नुसत्या कागदांवर विसंबायचं नाही, असं ठरवून मी आणि मंडळातल्या दोघांनी एका रविवारी दुपारी सावजी पार्सल आणलं. मटण रस्सा, खिमा उंडे, बोटी, ज्वारीच्या भाकऱ्या आणि वाडगाभर दही. सोबत तीन तऱ्हांच्या बिअर : नेहमीची स्ट्राँग लागर, एक गव्हाची, आणि एक हॉप्सची कडवट आयपीए. निकाल असा.

स्ट्राँग लागर थंड असेपर्यंत बरी. पहिला घोट सुटका केल्यासारखा वाटतो. पाच मिनिटांनी मद्याचा जाळ मिरचीच्या जाळाला मिळतो आणि चव अशी काही उरत नाही. फेसाच्या बुडबुड्यांनी चुरचुर वाढते ती वेगळीच.

आयपीए सगळ्यात वाईट जमली. कडूपणा तिखटाला धार लावतो. रस्सा घशाला लागला. जिच्या नावातच ‘इंडिया’ आहे ती हुबळीच्या ताटाशी भांडते, यात नवल नाही. ती साहेबासाठी होती. फक्त भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर ती छान लागली, हे तिच्या बाजूने नोंदवतो.

गव्हाची बिअर बाजी मारून गेली. तिच्यात खमिरामुळे लवंगेचा आणि पिकल्या केळ्याचा वास येतो. खिमा उंड्यातल्या गरम मसाल्याला तो लवंगेचा वास भेटला आणि आमच्यातल्या सर्वांत कडक परीक्षकानेही मान डोलावली. कडूपणा कमी, अंगाला किंचित गोडवा, त्यामुळे मिरचीची चव कळते.

पण खरं सांगायचं तर तिन्ही बिअरना दह्याने हरवलं. मिरचीतला जाळ पाण्यात विरघळत नाही, बिअरमधल्या थोड्याशा मद्यातही फारसा नाही. दुधातलं केसीन त्याला धरून नेतं. ताटात दही ठेवणाऱ्या बायकांना हे रसायनशास्त्राशिवाय ठाऊक होतं.

त्या दुपारी एक प्रश्न राहिलाच. दक्षिण आफ्रिकेत, झिम्बाब्वेत ज्वारीची बिअर लोकांचं रोजचं पेय आहे. आपण तर ज्वारीच्या मुलखात राहतो, धारवाडला कृषी विद्यापीठ आहे. ज्वारीचं काम अवघड असतं हे मान्य. तिचं पिष्ट शिजायला बार्लीपेक्षा जास्त उष्णता लागते आणि त्या उष्णतेत माल्टमधली विकरं टिकत नाहीत, म्हणून ती वेगळी शिजवून मग मिसळावी लागते. पण सावजीच्या भाकरीशेजारी ज्वारीचीच बिअर, हे कोणी करून पाहिलं तर ती आयात केलेली फॅशन राहणार नाही.

नोंद कशासाठी

आज हमरस्त्यावरच्या कुठल्याही ढाब्यावर ‘सावजी’ ही पाटी लागते. नाव पसरलंय, आणि नाव पसरताना मसाला पातळ होतोय. आत वाटपाऐवजी तयार पूड असते, उंडे यंत्रावर वळलेले असतात. पेढ्याच्या मागे दुकानाची परंपरा, पदकं, मानांकन आहे. सावजीच्या मागे आहेत सत्तर-ऐंशीच्या घरातल्या काही बायका, ज्यांना प्रमाण हाताच्या अंदाजाने माहीत आहे आणि ज्यांना आजवर कोणी काही विचारलेलं नाही. त्यांच्याबरोबर ते गेलं की गॅझेटियरमधला एक रकाना तेवढा उरेल.

देऊळ शंभर वर्षांनीही मोजता येतं. चव मोजता येत नाही. ती करणाऱ्याच्या जवळ बसून लिहून घ्यावी लागते. तेव्हा वाचकांना विनंती आहे : कोणाकडे जुन्या खानावळींची दरपत्रकं, पाट्यांचे फोटो, महिन्याच्या जेवणाच्या वह्या, दारूबंदीच्या काळातले परमिट असे कागद असतील तर मंडळाकडे प्रत द्यावी. आणि ज्यांच्या घरात अशी एखादी आजी असेल त्यांनी आधी तिच्याजवळ बसावं. कागद थांबतील.