कैसरियापासून अक्कोपर्यंत

तेल अवीव शहराहून उत्तरेकडे निघालेली प्रवाशांची मोटार समुद्र डावीकडे ठेवून जात असते. प्रवास एका दिवसाचा. सकाळीं निघावें, वाटाड्याच्या मुखानें कथा ऐकत तीनचार स्थळें पाहावीं आणि दिवेलागणीस परत यावें. अंतर थोडें, परंतु भूमध्यसमुद्राच्या या पट्टींत दोन हजार वर्षांचीं राज्यें एकावर एक रचलेलीं आहेत, आणि घाईनें पाहणारास वरचाच थर तेवढा दिसतो.

पहिला मुक्काम कैसरिया. येथें निसर्गानें बंदर दिलेलें नव्हतें. सरळ, उघडा, वाळूचा किनारा. रोमचा मांडलिक राजा हेरोद यानें इ. स. पू. २२ च्या सुमारास येथें नगर उभारण्यास प्रारंभ केला, सम्राट ऑगस्टस सीझर याचें नांव त्यास दिलें आणि खुल्या समुद्रांत धक्का बांधून काढला. पाण्यांत भिंत उभी राहावी कशी? इटलींतील नेपल्सच्या उपसागराकडील ज्वालामुखीची राख जहाजांतून आणवून ती चुन्यांत मिसळली, लांकडाचे प्रचंड सांचे तरंगत नेऊन ठरल्या जागीं बुडविले आणि त्यांत तें मिश्रण व दगड भरले. हें मिश्रण पाण्याखालींच घट्ट होतें. आपल्याकडे वीट कुटून तिची सुरखी चुन्यांत घालीत, त्याच जातीची ही युक्ति. तथापि तळची जमीन खचत गेली, आणि त्या धक्क्याचा बराच भाग आज पाण्याखालीं आहे.

१९६१ सालीं येथील नाट्यगृहांत पायरीस लाविलेला एक दगड इटालियन संशोधकांस सांपडला. त्यावर पोंतियस पिलात याचें नांव होतें. ज्या अधिकाऱ्यानें येशू ख्रिस्तास क्रूसाची शिक्षा फर्माविली, त्याचें नांव शिळेवर कोरलेलें तोंपर्यंत कोठेंच मिळालें नव्हतें. मूळ शिळा जेरुसलेमच्या संग्रहालयांत गेली. कैसरियास प्रतिकृति आहे. बंदराजवळ एक मिनारही उभा दिसतो. १८८४ च्या सुमारास बोस्नियांतून आलेल्या मुसलमान निर्वासितांनीं येथें वस्ती केली होती. १९४८ च्या आरंभीं गांवकऱ्यांस गांव सोडावें लागलें व बहुतेक घरें पाडण्यांत आलीं. हेरोदाच्या वैभवापुढें हा मिनार कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, हें बरें नव्हे.

हैफा येथें हिंदी मनुष्याचें पाऊल अडावें असें कारण आहे. एका बाजूस कार्मेल पर्वत, दुसऱ्या बाजूस किशोन नदीची दलदल, समोर तुर्कांच्या तोफा. अशा चिंचोळ्या वाटेनें २३ सप्टेंबर १९१८ रोजीं जोधपूरचे स्वार भाले सरसावून घुसले आणि म्हैसूरच्या स्वारांनीं डोंगरावरील तोफांवर चाल केली. मेजर दलपतसिंग तेथें पडले; शहर हातीं आलें. दिल्लींतील तीन मूर्ति स्मारक जोधपूर, म्हैसूर व हैदराबाद या संस्थानांच्या स्वारांचें; २०१८ सालीं त्या चौकाच्या नांवांत हैफाचें नांव जोडलें गेलें.

खाडीपलीकडे अक्को, इंग्रज त्यास एकर म्हणतात. एका दिवसांतील अर्धा वेळ येथेंच द्यावा. धर्मयुद्धांत दोन वर्षांच्या वेढ्यानंतर ११९१ च्या जुलैंत हें शहर ख्रिस्ती राजांस शरण आलें, आणि ऑगस्टांत इंग्लंडच्या रिचर्डनें सुमारें २,७०० मुसलमान कैदी कापून काढविले. पुढें शंभर वर्षांनीं, १२९१ सालीं, मामलुकांनीं तें जिंकून उद्ध्वस्त केलें. त्या काळच्या दालनांवर नंतर तुर्कांचा किल्ला चढला. टेंप्लर सरदारांचा सुमारें १५० मीटरांचा भुयारी मार्ग तर १९९४ सालीं एका घराखालचें तुंबलेलें गटार शोधतांना सांपडला!

परंतु अक्कोची खरी कसोटी १७९९ ची. त्या मार्चांत नेपोलियननें वेढा घातला. त्याच्या मोठ्या तोफा समुद्रमार्गें येत असतां सिडने स्मिथच्या आरमारानें पकडल्या आणि त्याच पुढें त्याच्यावर रोखण्यांत आल्या. तटाची व्यवस्था पाहणारा फेलिपो हा नेपोलियनचाच पॅरिसच्या लष्करी शाळेंतील सोबती. शहराचा धनी जझ्झार पाशा. या नांवाचा अर्थच खाटीक. तो क्रूर खरा, पण याफ्यास शरण आलेले हजारों कैदी नेपोलियननें ठार करविल्यावर अक्कोच्या लोकांनीं दरवाजे उघडावे तरी कोणत्या भरंवशावर? वेढा घालणाऱ्या छावणींत प्लेग शिरला. हल्ल्यामागून हल्ले फुकट गेले.

२५ जानेवारीस कैरोहून नेपोलियननें टिपू सुलतानास लिहिलेलें पत्र वाटेंतच इंग्रजांच्या हातीं लागलें होतें. ४ मे रोजीं श्रीरंगपट्टणास टिपू पडला, तेव्हां त्याचा हा दूरचा मित्र अक्कोच्या तटाशींच अडकून होता. २० मे रोजीं त्यानें वेढा उठविला. जखमी व प्लेगनें पछाडलेले शिपाई घेऊन त्याची फौज हैफा आणि कैसरियावरून याफ्याकडे परतली. संध्याकाळीं प्रवाशांची मोटार तेल अवीवकडे वळते ती याच किनाऱ्यानें.