माहीमची खाडी आणि राजनिष्ठेची शपथ

गावात बांधावरून तंटा झाला, साक्षीपुरावा काही जुळेना, म्हणजे जुनी माणसे अखेरचा उपाय म्हणून काय करीत, हे आपणांपैकी पुष्कळांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल. देवळात जायचे, बेलभंडार उचलायचा आणि चारचौघांसमोर बोलायचे. बोलणे खोटे निघाले तर देव पाहून घेईल, अशी दोन्ही पक्षांची खात्री असे. मराठ्यांच्या राजकारणातही हाच बेलभंडार चाले. सरदारांचा एकमेकांवर भरवसा राहिला नाही, की बेलभंडार, तुळस किंवा गंगाजळ मध्ये येई.

मात्र आपल्याकडची शपथ बहुधा दोन माणसांतली, दोन घराण्यांतली किंवा फार तर धनी आणि चाकर यांच्यातली असे. सबंध गावाला एका ठिकाणी उभे करून ‘तुमचा देव कोणता आणि तुमचा राजा कोणता, ते आत्ता शपथेवर सांगा’ असे आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नसे. हा प्रकार युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत फार माजला. त्याची एक लाट आपल्या मुंबई बेटावर येऊन आदळली. तिची हकीगत आज आपणांस सांगायची आहे.

प्रथम थोडे इंग्लंडकडे पाहू. तिथल्या आठव्या हेन्री राजाने रोमच्या पोपशी संबंध तोडला आणि १५३४ मध्ये प्रजेकडून शपथ मागितली. सर टॉमस मोर हा मोठा विद्वान, राजाचा माजी प्रधान. त्याने ती घेतली नाही. तो बंड करीत नव्हता, नुसता गप्प राहिला होता. १५३५ मध्ये त्याचे डोके उडाले. पुढे १६०५ मध्ये काही कॅथलिकांनी पार्लमेंट दारूने उडवून देण्याचा कट केला, तेव्हा लगेच १६०६ मध्ये नवी शपथ निघाली. राजाला पदच्युत करण्याचा अधिकार पोपला नाही, असे कॅथलिकांनी उघड म्हणावे, असा तिचा रोख होता. स्कॉटलंडात तर १६३८ साली एडिंबरोच्या एका देवळात धर्मकरारावर सह्या करायला लोकांची रीघ लागली. १६४१-४२ मध्ये इंग्लंडच्या गावोगाव अठरा वर्षांवरील पुरुषांकडून प्रॉटेस्टंट धर्म आणि राजा यांच्या रक्षणाची शपथ घेण्यात आली. कोणी घेतली आणि कोणी नाकारली, यांच्या याद्या झाल्या. त्यांतल्या कित्येक आजही तिथल्या दप्तरांत आहेत. आपल्या चावडीवर पाटील-कुळकर्णी बसले आहेत, शेजारी भटजी उभे आहेत आणि एकेकाचे नाव पुकारले जात आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. म्हणजे नाव पुकारल्यावर मुकाट राहणाऱ्या माणसाच्या मनाची काय अवस्था होत असेल, ते ध्यानात येईल.

अशा इंग्लंडच्या राजाला मुंबई मिळाली ती लग्नात. १६६१ च्या तहाने पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर हे बेट आंदण आले. तहात एक गोष्ट स्पष्ट होती. बेटावरच्या कॅथलिक रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक राहावी. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हम्फ्रे कुक याने बेटाचा ताबा घेतला. हाती माती आणि दगड घेतले, तटाच्या बुरुजांवरून फेरी मारली, की झाली मालकी! पोर्तुगीज व्हाइसरॉयला हे देणे मनापासून नको होते. त्याने कुककडून पुष्कळ अटी कबूल करून घेतल्या. त्यांत एक अशी होती, की पोर्तुगीज मुलखातून पळून येणाऱ्या कुणबी-भंडाऱ्यांना इंग्रजांनी थारा देऊ नये. म्हणजे राजनिष्ठेचा प्रश्न नुसत्या पाद्री-सरदारांचा नव्हता. खाडी ओलांडून कामाला जाणाऱ्या कष्टकऱ्याच्याही तो मानगुटीवर होता. तीन वर्षांनी, १६६८ मध्ये, राजाने हे बेट सालीना दहा पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले.

आता भूगोल लक्षात घ्या. शिक्षकबंधूंनी फळ्यावर नकाशा काढून दाखवावा. माहीमच्या खाडीच्या दक्षिणेला मुंबई, ती इंग्रजांची. उत्तरेला साष्टी. वांद्रे, अंधेरी, मरोळ, मालाड, बोरीवली, आणि पूर्वेकडे कुर्ला, घाटकोपर, मुलुंड हा सगळा मुलूख पोर्तुगीजांचा. मी अंधेरीकडून लोकलने शहरात जातो, तेव्हा ही खाडी एका मिनिटात मागे पडते. त्या काळी मात्र ती दोन राज्यांची सरहद्द होती. दोन्ही काठांवरचे ख्रिस्ती एकाच जातकुळीचे होते, आगरी, कोळी, भंडारी, कुणबी घराण्यांतले. बोली मराठीची, सोयरीक इकडची तिकडे. मुंबईतल्या देवळांत पाद्री होते ते फ्रान्सिस्कन पंथाचे. ते गोव्याच्या आर्चबिशपाचा हुकूम मानीत, आणि हा आर्चबिशप पोर्तुगालच्या राजाने नेमलेला असे. बेट इंग्रजांचे, पण रयतेचा कबुलीजबाब ऐकणारा माणूस परक्या राजाचा, ही गोष्ट कंपनीला सलत होती.

त्यात १७१४ मध्ये लंडनला पहिला जॉर्ज गादीवर आला आणि १७१५ मध्ये त्याच्याविरुद्ध बंड झाले. त्या बंडाचा पुढारी कॅथलिक राजपुत्र होता. साहजिकच कॅथलिकांकडे पाहण्याची इंग्रजांची नजर अधिकच करडी झाली. त्याच सुमारास मुंबईस चार्ल्स बून हा गव्हर्नर आला. माणूस कर्तबगार, पण संशयी. तट बांधणे, लढाऊ जहाजे बांधणे आणि कान्होजी आंग्र्यांना नमवणे ही त्याची तीन व्रते. पहिली दोन पार पडली. तिसऱ्यात त्याला हात चोळीत बसावे लागले.

१७२० मध्ये बूनने फ्रान्सिस्कन पाद्र्यांना मुंबईतून काढून लावले. त्यांच्या जागी कार्मेलाइट पंथाचे इटालियन बिशप मॉरिस यांस आणले. हे थेट रोमच्या हुकमातले, गोव्याशी यांचा संबंध नाही. त्यांनी इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली आणि देवळे त्यांच्या ताब्यात आली. गंमत पाहा. ज्या पोपच्या धास्तीने इंग्लंडात एवढ्या शपथा निघाल्या, त्याच पोपचा माणूस मुंबईत इंग्रजांना अधिक भरवशाचा वाटला! म्हणजे धर्मापेक्षा शेजारच्या पोर्तुगीज राजाची भीती मोठी होती. शपथ देवाच्या नावाने, पण हिशेब राजकारणाचा. ज्या कोळणीने आपली पोरे जुन्या पाद्र्याकडून बाप्तिस्मा करून घेतली होती, तिला मात्र कोणी काही विचारले नाही. एका दिवशी वेदीपुढचा माणूस बदलला, एवढेच तिला दिसले.

याच वर्षी, याच गव्हर्नराने दुसरा एक खटला चालवला. तो ऐकण्यासारखा आहे.

रामा कामती हा मुंबईतला बडा शेणवी व्यापारी. कंपनीशी त्याचा जुना घरोबा. वेळ पडली की तो कंपनीला माणसे जमवून देई. वाळकेश्वराचे पोर्तुगिजांच्या काळात मोडलेले देऊळ त्याने १७१५ मध्ये पुन्हा उभारले. १७१८ च्या नाताळात कोटातले सेंट टॉमस हे इंग्रजांचे देऊळ उघडले, तेव्हा हा रामा कामती आपल्या जातभाईंसह बाहेर उभा राहून सबंध उपासना पाहत होता, असे तिथल्या पाद्र्यानेच लिहून ठेवले आहे. त्याने धर्म सोडला नाही. शेजाऱ्याच्या धर्माला मान दिला. याहून अधिक निष्ठा ती कोणती?

पण १७१८ मध्येच इंग्रजांची खांदेरीवरची मोहीम फसली होती. फसलेल्या मोहिमेला अपराधी लागतो. कान्होजी आंग्र्यांना रामा कामतीने आतून बातम्या पुरवल्या, असा आरोप झाला. पत्रे पुढे आली. त्याच्या कारकुनाच्या अंगठ्यांना लोखंडी पेच आवळून जबानी काढण्यात आली. १७२० मध्ये त्याला राजद्रोही ठरवून जन्माची कैद दिली आणि मालमत्ता जप्त केली. १७२८ मध्ये तो कैदेतच वारला. पुढे ती पत्रे बनावट होती असे निघाले. तोवर उशीर झाला होता.

कान्होजींचेही या संदर्भात स्मरण होते. ते आधी ताराबाईंच्या पक्षाला होते. १७१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथाने त्यांना शाहूमहाराजांकडे वळवले. त्यांना कोणी बेइमान म्हणत नाही, कारण त्यांच्याशी बोलणी झाली, करार झाला, उभयतांनी तो पाळला. बिचाऱ्या रामा कामतीशी कोणी बोलणीच केली नाहीत. मला विचाराल तर बूनच्या कारकीर्दीवरचा हा डाग आंग्र्यांकडून झालेल्या पराभवापेक्षा मोठा आहे.

खाडीपलीकडे काय झाले? १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. युरोपियन पाद्री गेले, बरीच देवळे ओस पडली. परंतु वसईच्या तहात राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळण्याची मुभा ठेवली होती. आंकेतील द्यु पेराँ हा फ्रेंच पंडित १७६० मध्ये साष्टीतून गेला. ठाण्याच्या देवळात सणाला हजारो ख्रिस्ती जमलेले आणि देशी पाद्री उपासना चालवताहेत, असे त्याने पाहिले. मग डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले. म्हणजे अंधेरी-मरोळच्या एखाद्या म्हाताऱ्याने एका जन्मात पोर्तुगालचा राजा, पेशवा आणि कंपनी असे तीन धनी पाहिले. कोंडिविट्याचे १५७९ चे देऊळ या तिन्ही राज्यांत होते. १८४० च्या सुमारास साथीमुळे तिथली वस्ती उठली. त्याच्या भिंती अजून तिथल्या औद्योगिक वसाहतीच्या आवारात उभ्या आहेत.

योगायोग असा, की त्याच १८४० साली कंपनीने कायदा करून कोर्टातली गंगाजळाची आणि कुराणाची शपथ बंद केली. हिंदू-मुसलमान साक्षीदारांनी गंभीरपणे ‘खरे सांगतो’ एवढे म्हटले की पुरे झाले.

मुंबईतल्या कॅथलिकांचे भांडण मात्र १७२० पासून जे सुरू झाले, ते काही मिटेना. गोव्याचे की रोमचे, हा वाद घराघरांत शिरला. १७९४ मध्ये सरकारने देवळांची दोघांत वाटणी करून दिली. तरी १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकेल देवळात बिशप हार्टमन आपल्या अनुयायांसह आत कोंडून बसले. विरुद्ध पक्षाने बाहेरून वेढा घातला. सुमारे पंधरा दिवसांनी सरकारी अंमलदारांनी दारे उघडवली आणि देऊळ गोव्याच्या पक्षाला दिले. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, इकडच्या ख्रिस्ती लोकांनी ‘पोर्तुगीज’ हे चिकटलेले नाव टाकून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. आम्ही कंपनीची जुनी रयत, असे त्यांना सांगायचे होते. नोकऱ्यांचाही त्यात प्रश्न होता. कंपनी १८५८ मध्येच राज्यकारभारातून गेली होती. नाव आजतागायत टिकले आहे. दुहेरी धर्माधिकाराचा वाद १९२८ च्या करारानेच संपला.

माहीमच्या त्याच देवळात १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना होते. रांगेत मेणबत्त्या घेऊन हिंदू, पारशी, मुसलमानही उभे असतात. दारात कोणी कोणाला नाव विचारीत नाही.