बाकरे, सदानंद

(१० नोव्हेंबर १९२० – १८ डिसेंबर २००७). रूढ कलासंकेत नाकारणारे मराठी शिल्पकार व चित्रकार. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांपैकी एक आणि त्यांतले एकमेव शिल्पकार. जन्म बडोद्याचा, शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये.

मुंबईत त्या काळी शिल्पकलेला मान होता तो हुबेहूबपणाचा. गणपतराव म्हात्र्यांची ‘मंदिरपथगामिनी’, करमरकरांचा पुण्यातला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा, ही त्या परंपरेची शिखरे. बाकरे यांनी ही विद्या पक्की कमावली होती. त्यांची सुरुवातीची व्यक्तिशिल्पे वास्तववादी घडणीची आहेत आणि त्याच वाटेने ते गेले असते, तर पुतळ्यांची कामे त्यांना आयुष्यभर पुरली असती.

१९४७ मध्ये फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा आणि हरी अंबादास गाडे यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप उभा केला. १९४९ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात गटाचे प्रदर्शन भरले; उद्घाटक होते मुल्कराज आनंद. रूडी फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेसिंगर या मुंबईत स्थिरावलेल्या युरोपीय जाणकारांनी या तरुणांना बळ दिले. तरीही बंडाची किंमत सहाही जणांना सारखी पडत नव्हती. चित्रकाराला कॅनव्हास आणि रंग मिळाले की काम सुरू करता येते. शिल्पकाराला जागा हवी, धातू हवा, ओतकामाचा खर्च हवा, आणि हे सारे पुरवणारे गिऱ्हाईक बहुधा चेहऱ्यातले साम्यच मागते. प्रोग्रेसिव्हांचा इतिहास आजवर चित्रांच्याच अंगाने लिहिला गेल्यामुळे बाकऱ्यांच्या धाडसाचे हे वजन लक्षात घेतले जात नाही.

सोव्हिएत रशियात अर्न्स्ट नेइझ्वेस्तनी या शिल्पकाराला १९६२ च्या मानेझ प्रदर्शनात खुद्द सत्ताधीश ख्रुश्चॉव्हला तोंड द्यावे लागले. बाकऱ्यांसमोर सत्ता नव्हती. होती ती आश्रयदात्यांची ठरलेली आवड. तिच्याशी वाद घालायला समोर कोणी उभेही नसते.

१९५१ मध्ये ते लंडनला गेले. पोटासाठी इतर कामे करत त्यांनी कलासाधना चालू ठेवली. व्हिक्टर मसग्रेव्ह यांच्या गॅलरी वनमध्ये त्यांची कामे प्रदर्शित झाली. १९५६ पर्यंत प्रोग्रेसिव्ह ग्रुप विसर्जित झाला. १९७५ मध्ये बाकरे भारतात परतले, पण मुंबईच्या कलाविश्वात न रमता रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णैजवळच्या मुरूड या महर्षी कर्व्यांच्या गावी एकांतात राहिले. पुढे प्रोग्रेसिव्हांच्या चित्रांना लिलावात कोटींचे भाव आले, तेव्हाही ते तिथेच होते. २००४ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने त्यांना जीवनगौरव दिला. मुरूडलाच त्यांचे निधन झाले.

परदेशात त्यांच्या कामात चित्रकलेचा वाटा वाढत गेला, मात्र हात शिल्पकाराचाच राहिला. निसर्गदृश्य असो वा शहर, आकार टोकदार, कोनाकृती. रंगाचे थर जाड. घरे-झाडे पाचरीसारखी एकमेकांत ठोकलेली. वास्तवदर्शी व्यक्तिशिल्पापासून विरूपित आकारांपर्यंत आणि तिथून अमूर्त रचनेपर्यंतचा त्यांचा प्रवास पाहताना प्रथम त्यांची शिल्पे पाहावीत, मग चित्रे. चित्रांतल्या काळ्या, जाड रेषा छिन्नीच्या घावासारख्या का उतरल्या आहेत, ते त्या क्रमाने गेल्यावर उमगते.