ठशातले आजोबा

माझ्या टेबलावर लाकडी ठोकळ्यावर ठोकलेला जस्ताचा एक ठसा आहे. सावद्यातला एक जुना छापखाना बंद झाला, तेव्हा भंगारात निघालेल्या सामानातून तो मला मिळाला. उजेडात तिरका धरला की फेटा, मिशा आणि खोल गेलेले डोळे दिसू लागतात. हे माझे आजोबा. १९६२ साली त्यांच्या उत्तरकार्याच्या पत्रिकेसाठी हा ब्लॉक करून घेतला होता. मूळ फोटो पुढे घराच्या गळतीत गेला, पत्रिकाही उरल्या नाहीत. त्यांचा चेहरा आता एवढ्या तळहाताएवढ्या जस्तात आहे, तोही उलटा.

भाच्याकडे लेझर यंत्र आहे. नावाच्या पाट्या, सन्मानचिन्हे असली कामे तो करतो. पाडलेल्या जुन्या घराच्या सागवानी तुळईची एक फळी मी जपून ठेवली होती. तिच्यावर आजोबांचा चेहरा कोरून घ्यावा, असे मनात आले. ठशाला शाई लावून प्रूफ काढले, ते स्कॅन केले आणि फळीच्या एका तुकड्यावर यंत्र चालवले. उमटली ती पाण्यावरच्या तरंगांसारखी जाळी. त्या जाळीत आजोबा कुठेच नव्हते.

“मामा, सेटिंग चुकली,” भाचा म्हणाला. ती कुठे चुकली हे शोधताना मी सव्वाशे वर्षे मागे गेलो.

छापखान्याची शाई एकतर लागते किंवा लागत नाही. फिकी शाई वेगळी नसते. मग गालावरची करडी सावली छापायची कशी? इंग्लंडमध्ये थॉमस ब्युइक (१७५३–१८२८) यांनी बॉक्सवूडच्या आडव्या कापाच्या ठोकळ्यावर बारीक रेषा कोरून हा प्रश्न सोडवला. आडव्या कापात लाकडाचा रेषा हत्याराला आपल्या दिशेने ओढत नाही. फोटोसाठी मात्र हाफटोन यावा लागला. त्यात बारीक रेघांची काचेची जाळी कॅमेऱ्यात संवेदनशील काचेच्या किंचित पुढे ठेवतात. फोटो टिंबांत फुटतो. टिंबांमधले अंतर सारखेच राहते, आकार बदलतो. गडद जागी मोठे टिंब, उजळ जागी लहान. मग ती प्रतिमा धातूवर उतरवून आम्लाने खोदायची आणि पत्रा टाइपाच्या उंचीला यावा म्हणून लाकडावर ठोकायचा. करडा रंग कागदावर कुठेच नसतो, तो आपले डोळे तयार करतात.

या विद्येला आपल्याकडे आकार देणाऱ्यांत कोलकात्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी अग्रणी होते. सत्यजित राय यांचे हे आजोबा. आपल्या चित्रांची छपाईत झालेली दुर्दशा पाहून त्यांनी विलायतेहून साहित्य मागवले आणि पुस्तके वाचून, प्रयोग करून हाफटोन शिकून घेतला. जाळी काचेपासून किती अंतरावर ठेवायची, भिंगाचे छिद्र किती नि कोणत्या आकाराचे ठेवायचे, हे कारागीर तेव्हा अंदाजाने ठरवत. त्याचे गणित उपेंद्रकिशोरांनी मांडले. त्यांचे लेख लंडनच्या ‘पेनरोज’ वार्षिकात छापून आले. आजच्या भाषेत सांगायचे तर ते ‘सेटिंग’च शोधत होते.

महाराष्ट्रात या वाटेवर धुंडिराज गोविंद फाळके भेटतात. सिनेमाचे दादासाहेब होण्याआधी ते बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण आणि छपाईच्या प्रक्रिया शिकले. ब्लॉक आणि छपाईचा स्वतःचा कारखाना त्यांनी काढला. पुढे ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’साठी १९०९ मध्ये ते जर्मनीला गेले. त्याच वर्षी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला. १९१३ मध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि उपेंद्रकिशोरांचे ‘संदेश’ मासिकही.

आता माझ्या जाळीकडे येतो. लेझरही लाकूड जाळतो किंवा सोडतो. फोटो कोरताना संगणक त्याचे टिंबांत रूपांतर करतो. बहुधा यासाठी रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांची १९७६ची पद्धत वापरतात. तिच्यात टिंबे सारख्या आकाराची असतात, दाटी बदलते. आजोबा तर आधीच टिंबांत फुटलेले होते. ब्लॉकवाल्याच्या टिंबांवर संगणकाची टिंबे चढली, दोन्हींची भांडणे झाली, तेच तरंग.

भिंगाखाली मोजले, तर ठशात इंचाला ६५ टिंबे निघाली. म्हणजे दोन टिंबांत साधारण ०.४ मिलिमीटर. लेझरच्या रेषा ०.१ मिलिमीटरवर पडतात. चित्र दुप्पट मोठे केले, तर एका टिंबाच्या वाट्याला सात-आठ रेषा येतात. मग नवी टिंबे हवीतच कशाला? स्कॅन निव्वळ काळा-पांढरा केला आणि संगणकाची पद्धत बंद केली.

तरंग गेले. पण सागाने दगा दिला. त्याच्या वलयातला सच्छिद्र भाग लवकर जळतो, घट्ट भाग उशिरा, त्यामुळे गालावर पट्टे उठले. म्हणून फिकट पिवळ्या, एकसारख्या पोताच्या हळदूवर आलो. आधी वेग आडवा आणि शक्ती उभी धरून चौकटींचा तक्ता जाळून पाहिला. जळण टिंबाच्या कडेबाहेर थोडे पसरते, जशी शाई कागदावर पसरते. म्हणून डोळ्यांना बरी वाटली त्याहून एक पायरी फिकी चौकट निवडली. आमच्या १० वॅटच्या यंत्राला मिनिटाला ३००० मिलिमीटर वेग आणि ३५ टक्के शक्ती मानवली. दुसऱ्या यंत्राला, दुसऱ्या फळीला हे आकडे चालतीलच असे नाही. ते ज्याने त्याने आपल्या लाकडावरच काढायचे.

फळी पुसल्यावर हातभर अंतरावरून आजोबा दिसले. जवळ गेलो की नुसती टिंबे. आईने फळी दोन्ही हातांत धरली, डोळ्यांजवळ नेली, लांब केली आणि म्हणाली, “मामंजी असेच बघायचे.”

उरलेल्या सागाची चौकट केली. ठशामागच्या लाकडावर ब्लॉकवाल्याने काही लिहून ठेवलेले नाही. मी मात्र फळीमागे पेन्सिलीने लिहिले: हळदू, ३०००, ३५ टक्के, ०.१. खाली तारीख घातली.