१९ कोटी वर्षांपूर्वीच्या पावसाची नोंद

अमेरिकेतील युटा राज्याच्या नैऋत्य भागात झायन हे राष्ट्रीय उद्यान आहे. व्हर्जिन नदीने कोरलेल्या तेथील दरीच्या दोन्ही बाजूंना तांबूस आणि पांढरट वालुकाश्माचे उत्तुंग कडे उभे आहेत. 'नावाहो वालुकाश्म' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खडकाची जाडी झायन परिसरात सहाशे मीटरहून अधिक भरते. ज्युरासिक कालखंडाच्या पूर्वार्धात, सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी, येथे विस्तीर्ण वाळवंट पसरलेले होते. कड्यांवर दिसणाऱ्या असंख्य तिरप्या रेषा म्हणजे त्या वाळवंटातील टेकड्यांचे गोठलेले उतार होत.

सह्याद्रीच्या घाटातून जाणाऱ्यालाही डोंगरात एकावर एक थर दिसतात. पण ते ज्वालामुखीच्या लाव्हाचे, म्हणजे बेसॉल्टचे आणि बहुतांशी आडवे असतात. वाळूच्या थरांची जडणघडण अगदीच निराळी. वारा वाळूचे कण टप्प्याटप्प्याने उडवीत टेकडीच्या मंद चढावरून माथ्यापर्यंत नेतो. तेथे वाळू साचत जाते आणि उतार ३० ते ३४ अंशांच्या पुढे गेला की ती पलीकडच्या बाजूने घसरते. अशा प्रत्येक घसरणीचा एक तिरपा पापुद्रा तयार होतो आणि टेकडी कणाकणाने पुढे सरकते. मागाहून येणारी टेकडी आधीच्या टेकडीचा माथा खरवडून टाकते, तळाकडचा भाग तेवढा शिल्लक राहतो. म्हणूनच कड्यांवर तिरप्या रेषांचे जुडगे आडव्या रेषेने अचानक छाटल्यासारखे दिसतात.

तिरपे थर नदीही घालते. मात्र नदीच्या थरांची उंची सहसा कमी असते आणि त्यांत गोटे, वाळू, चिखल यांची सरमिसळ असते. वारा बारीक धूळ दूर उडवून नेतो व मागे जवळपास एकाच आकाराचे कण ठेवतो. नावाहोच्या खाली असलेला 'कायेन्टा' हा खडकसमूह मुख्यतः नद्यांच्या गाळाचा आहे. नद्यांच्या मैदानावर हळूहळू वाळवंटाने आक्रमण केले, हे या दोन खडकांच्या क्रमावरून कळते. टेकड्यांच्या मधल्या सखल भागांत अधूनमधून तळी साचत असत. त्यांच्या तळाशी तयार झालेल्या चुनखडीचे तुकडे वालुकाश्मात सापडतात. नावाहोचे थर पाण्याखाली घडले असावेत, असे मत १९७० च्या दशकात काही संशोधकांनी मांडले होते, परंतु ते टिकले नाही.

एवढी वाळू आली कोठून, हा प्रश्न मात्र बराच काळ अनुत्तरित होता. वाळूत झिरकॉन या चिवट खनिजाचे कण असतात. त्यातील युरेनियमचे शिशात रूपांतर किती झाले, हे मोजल्यास तो कण मूळ खडकात केव्हा जन्माला आला ते ठरविता येते. अॅरिझोना विद्यापीठाचे विल्यम डिकिन्सन आणि जॉर्ज गेरेल्स यांनी असे कण तपासले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, कोलोरॅडो पठारावरील या वायुजन्य वालुकाश्मांतील सुमारे निम्म्या झिरकॉन कणांचे मूळ खंडाच्या पूर्व टोकाच्या अॅपलेशियन पर्वतात आहे. एखाद्या महानदीने ही वाळू जवळजवळ संपूर्ण खंड ओलांडून पश्चिमेकडे आणली असावी आणि नंतर वाऱ्याने ती दक्षिणेकडे लोटली असावी, असे चित्र त्यातून उभे राहते. वाळवंट रचले वाऱ्याने. वाळू पुरविली नदीने.

या खडकातील सर्वांत विलक्षण नोंद आहे ती पावसाची. नेब्रास्का विद्यापीठाचे डेव्हिड लूप आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ती मांडली. वर्षाच्या एका ऋतूत वारा जोरदार वाहून वाळू उतारावरून घसरत असे, तर दुसऱ्या ऋतूत त्याची दिशा पालटे. त्यामुळे थरांमध्ये झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे वर्षागणिक पट्टे उमटले. कोरडी वाळू घसरते तेव्हा ती विस्कटून जाते. पण मोठा पाऊस होऊन वरची वाळू भिजली, तर तिचा लगदाच्या लगदा तुटून खाली येतो. ३६ वर्षांच्या पट्ट्यांत संशोधकांना अशा २४ घसरणी आढळल्या. वार्षिक पट्ट्यातील त्यांच्या स्थानावरून त्यांपैकी २० उन्हाळी मोसमी पावसाच्या आणि ४ हिवाळी वादळांच्या असल्याचे त्यांनी ठरविले. त्या काळी सर्व खंड 'पँजिया' या एकाच महाखंडात जोडलेले होते आणि उन्हाळ्यात तापलेल्या त्या अफाट भूमीकडे समुद्रावरून वारे खेचले जात. मोसमी पावसाची आपल्याकडील यंत्रणाही मुळात हीच. पर्जन्यमापक शोधला जाण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीची ही आकडेवारी होय!

पुढे या वाळूवर नव्या गाळाचे ओझे चढले. भूजलातील चुना, सिलिका व लोहाने कण एकमेकांना चिकटले. तांबूस रंग लोहाचाच. कालांतराने पठार उंचावले आणि नद्यांनी ते चिरत नेले.

कणांमधल्या पोकळ्या मात्र पूर्णपणे भरल्या गेल्या नाहीत, आणि आज त्यांत पाणी आहे. झायनमधील 'वीपिंग रॉक' येथे वालुकाश्मातून मुरत आलेले पाणी खालच्या कायेन्टाच्या घट्ट थरावर अडते व कड्यातून पाझरते. दक्षिणेला अॅरिझोनाच्या उत्तर भागात नावाहो आणि होपी या मूळ रहिवाशांच्या वस्त्या पिण्याच्या पाण्यासाठी याच भूजलावर अवलंबून आहेत. त्यातील बरेचसे पाणी गेल्या हिमयुगात मुरलेले आहे. १९७० पासून हेच पाणी उपसून, त्यात कोळशाचा चुरा मिसळून तो सुमारे ४४० किलोमीटर लांबीच्या नळातून नेवाडातील वीजकेंद्राकडे वाहून नेला जात होता. झरे आटत असल्याच्या तक्रारी होपींनी वर्षानुवर्षे केल्या. २००५ च्या अखेरीस वीजकेंद्र बंद झाले, तेव्हा ही कोळसा वाहतूकही थांबली.