रायतूरचे पुराण आणि साष्टीतील ख्रिस्ती घरांचा नित्यनेम

आमच्या देवस्थानांतून चातुर्मासात पुराण लावण्याची जी चाल आहे, तिचे मोल पुराण नित्य कानी पडत असते तोवर ध्यानी येत नाही. पुराणिकबुवांनी पोथी सोडली की समोर बसलेला श्रोता काही रिकाम्या मनाने बसलेला नसतो. कोणास भावकीचा तंटा, कोणास घरातले दुखणे, कोणास सावकाराचा तगादा. हरिश्चंद्राची अथवा प्रल्हादाची कथा ऐकता ऐकता त्या ओझ्याला कोठेतरी टेकू मिळतो आणि माणूस दुसऱ्या दिवसाच्या कष्टास उभा राहतो. हे पुराण एके दिवशी राजाज्ञेने बंद झाले, पोथ्या घरात ठेवणे हाच अपराध ठरला, तर त्या श्रोत्याने करावे काय? सोळाव्या शतकात साष्टीतील कुटुंबांवर हा प्रसंग खरोखरच ओढवला होता. त्या प्रसंगातून मराठी भाषेत एक मोठा ग्रंथ जन्मास आला. तो आमच्या धर्माचा नव्हे, ख्रिस्ती धर्माचा आहे. तथापि त्याची हकीकत आमच्या वाचकांनी जाणून घ्यावी, असे आम्हास वाटते.

साष्टी म्हणजे परका प्रदेश नव्हे, हे वाचकांस सांगावयास नकोच. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा, लोटलीचा रामनाथ, रायची कामाक्षी ही सारी दैवते मूळची साष्टीतीलच. १५४३ साली साष्टी व बार्देश हे महाल पोर्तुगिजांच्या हाती गेले. १५६० नंतरच्या दहा वर्षांत देवळे पाडली गेली आणि महाजनांनी आपले देव झुआरीपलीकडे, तेव्हा आदिलशाही अमलाखाली असलेल्या अंत्रुज महालात नेले. जे देवांबरोबर गेले, त्यांची कथा आमच्या घराघरांतून सांगितली जाते. जे मागे राहिले व बाटले, त्यांचे पुढे काय झाले, हे मात्र आम्ही क्वचितच विचारतो. ते आमचेच सोयरे होते. जमिनीपायी, भयापायी, क्वचित मनापासूनही, ते तेथेच राहिले. त्यांच्या मस्तकावर पाणी पडले, नावे बदलली. हे काम एका दिवसाचे. परंतु दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडली तेव्हा नव्या धर्माने जगावे कसे, लग्नात काय म्हणावे, मूल दगावले तर कोणाच्या नावाने धीर धरावा, हे त्यांना कोणी सांगितले?

सांगण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. १५४२ च्या मे महिन्यात गोव्यास उतरलेला फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरे, मुलांना व गुलामांना जमवी आणि त्यांच्याकडून प्रार्थना व आज्ञा घोकून घेई. मुलांनी त्या घरी जाऊन मोठ्यांस शिकवाव्या, ही त्यातील युक्ती. (याच झेवियरने १५४६ साली पोर्तुगालच्या राजास पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशनची मागणी केली, ते १५६० साली येथे सुरू झाले. घंटा आणि हे पत्र, दोन्ही एकाच माणसाच्या हातची, हे विसरून चालणार नाही.) पुढे गावोगावच्या इगर्जींत दोत्रिन शिकवण्याचा परिपाठ पडला. दोत्रिन म्हणजे धर्माची प्रश्नोत्तरे. देव किती, आज्ञा कोणत्या, पाप कशास म्हणावे, याची नेमकी उत्तरे तीत मिळत. पण प्रश्नोत्तरांनी बुद्धीची परीक्षा होते, मनाचे पोषण होत नाही.

ही उणीव ज्याने ओळखली तो थॉमस स्टीफन्स, गोव्याच्या लोकांचा पाद्री एस्तेव्हांव. इंग्लंडातील विल्टशरमध्ये १५४९ च्या सुमारास जन्मलेला हा गृहस्थ रोम येथे जेझुइट संघात शिरला आणि १५७९ च्या एप्रिलात लिस्बनहून निघून ऑक्टोबरात गोव्यास पोहोचला. या प्रवासाचे वर्णन करणारे त्याचे वडिलांस लिहिलेले पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले. नंतरची जवळजवळ चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मरण येईपर्यंत, त्याने गोव्यात आणि मुख्यतः साष्टीतच काढली. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले, त्यांत अकबराच्या दरबारी जाऊन आलेला रुदोल्फ अक्वाविवा होता. ती प्रेते आणवून घेण्याचे काम स्टीफन्सच्या वाट्यास आले. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्याचा सूड कसा घेतला, गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात नेऊन कसे कापले, हे प्रसिद्धच आहे. कुंकळ्ळीची शांतादुर्गा तेव्हापासून फातर्प्यास आहे. असा रक्तपात डोळ्यांदेखत झाल्यावर एखादा माणूस त्या लोकांना भिऊन दूर गेला असता, अथवा त्यांचा द्वेष करू लागला असता. स्टीफन्सने त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची वाखाणणी केली आहे. त्यांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्याशी जुळती आहे, हे त्याने त्या काळी ओळखले.

ग्रंथाच्या आरंभीच्या भागात स्टीफन्सने तो लिहिण्याचे कारण कथारूपाने सांगितले आहे. साष्टीतील एका इगर्जीत मुलांना दोत्रिन शिकवणे चालू असता एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीगुरूंजवळ येतो व विनवितो की, मुलांना शिकवता ती दोत्रिन उत्तमच आहे. परंतु आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या ठिकाणी दुसरी का देत नाही? ती मिळाली तर लोकांचा वेळ सत्कारणी लागेल. ही विनंती आम्ही अनेकवार वाचली आहे, आणि दर वेळी आमचे मन त्या ब्राह्मणापाशी थबकते. तो जुन्या देवांकडे परत जाऊ मागत नाही. त्याला संध्याकाळ कशी काढावी हा प्रश्न पडला आहे! ज्याच्या पूर्वजांच्या कैक पिढ्या पुराणश्रवणात गेल्या, त्याला दहा आज्ञांची यादी पाठ असून पुरत नाही, त्याला कथा हवी. हा प्रसंग अक्षरशः घडला की स्टीफन्सने तो रचला, यास महत्त्व थोडे. अशी माणसे साष्टीत होती म्हणूनच तो लिहिला गेला.

त्या मागणीचे उत्तर म्हणजे १६१६ साली रायतूरच्या जेझुइट विद्यालयात छापून निघालेले ख्रिस्तपुराण. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या आगमनापर्यंतची कथा छत्तीस अवस्वरांत येते, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र एकोणसाठ अवस्वरांत. प्रस्तावनेत स्टीफन्स सांगतो की, येथील भाषांत मराठी हीच देवविषयक गोष्टी सांगण्यास योग्य वाटली. पण शुद्ध मराठी सर्वांस समजत नाही म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून ब्राह्मण भाषेतील, म्हणजे कोंकणीतील, सोपे शब्द तीत मिसळले. मराठी की कोंकणी यावरून आमच्याकडे जो वाद माजतो, त्यात हे पान दोन्ही पक्षांस पुढे करता येईल, हा त्यातील गमतीचा भाग. स्टीफन्सला वाद घालावयाचा नव्हता, इगर्जीत बसलेल्या बाईपर्यंत कथा पोहोचवावयाची होती.

आणि त्यासाठी ओवीवाचून दुसरे वाहन नव्हते. ओवी ही पोथीतही असते आणि जात्यावरही असते. रविवारी व सणावारी इगर्जीत ती वाचली जावी, अशी योजना होती. परंतु एकदा कानात बसलेली ओवी इगर्जीच्या दारात थांबत नाही, ती घरी येते, दळणकांडणात मिसळते, असे आमचे अनुमान आहे. साष्टीतील कष्टकरी बाईला नाझारेथच्या सुताराचे घर परके वाटण्याचे कारण नव्हते. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपल्याची चिंता तिला नीट कळत होती, कारण मांडवात काही कमी पडण्याची लाज सर्व देशांत सारखीच. क्रुसाखालच्या मरियेचा शोक जिने मूल गमावले होते तिने कसा ऐकला असेल, हे आम्ही सांगावयास हवे काय? रोजच्या जगण्यात विश्वास टिकवून धरावयाचा तो अशाच कथांच्या आधारे, हे या पाद्र्याने आमच्या पुराणिकांकडून शिकून घेतले होते. रायतूरच्या जेझुइटांनी रामायण-महाभारताच्या कथा रोमी अक्षरांत उतरवून घेतल्या होत्या. ती हस्तलिखिते आज पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत. ज्यांवर बंदी घातली, तेच ग्रंथ घालणाऱ्यांनी अभ्यासाला घेतले, असा हा प्रकार.

येथे आमची तक्रार नोंदविल्यावाचून पुढे जाता येत नाही. ख्रिस्तपुराणात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे; शब्द आमचा, आणि त्यातून विष्णूला बाहेर काढलेले. मूर्तिपूजेविषयी स्टीफन्स जे बोलतो त्यात आदर नाही. आमच्या पूर्वजांच्या श्रद्धेला तो भ्रमच समजतो, आणि आपले पुराण जेथे उभे आहे ती जागा कोणी व कशी मोकळी केली याविषयी तो फार बोलत नाही. हे डोळ्यांआड करून केवळ मराठीच्या स्तुतीतील मोगऱ्याचा सुवास घेत राहणारे रसिक आम्हास अपुरे वाटतात. तितकेच अपुरे ते, जे ग्रंथ सक्तीच्या काळातला म्हणून उघडीतच नाहीत. सक्ती राजसत्तेची होती. तिच्या सावलीत जगणाऱ्या घरांना मात्र सांत्वन हवेच होते, आणि ते या ग्रंथाने दिले. या दोन गोष्टी एकमेकींस खोडून काढीत नाहीत.

तो किती वाचला गेला, याचा पुरावा आवृत्त्यांत आहे. १६४९ व १६५४ साली तो पुन्हा छापावा लागला. त्याची दोत्रिन १६२२ साली आणि कोंकणीचे व्याकरण १६४० साली, दोन्ही मरणोत्तर, रायतूरलाच छापली गेली. नंतर वारे फिरले. १६८४ च्या जूनमध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. १७३६ साली इन्क्विझिशनने जी मनाई काढली ती तर घराच्या उंबऱ्यातून आत शिरली: लग्नातील विडासुपारी, परसातील तुळस, एकादशीचा उपवास, नेसूचे पुडवे, सर्वांवर नजर. बाटून पावणेदोनशे वर्षे झाल्यावरही ही मनाई काढावी लागली, यावरूनच घरांनी काय काय जपून ठेवले होते ते दिसते. १७४५ मध्ये आर्चबिशपाने हुकूम केला की पोर्तुगीज बोलता येत नसेल तर लग्नच लावू नये. ज्या भाषेत लोकांना धीर दिला होता तीच आता अपराधी ठरली. पुराणाची चौथी आवृत्ती निघाली नाही. पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

मग नित्यनेम तगला तो कोठे? आमच्या मते, स्वयंपाकघरात. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबात दिवेलागणीस आमोरीची घंटा झाली की काम थांबवण्याची व रात्री सर्वांनी मिळून तेर्स म्हणण्याची जी चाल आहे, ती कोणत्या व्हाइसरॉयने लावून दिली नाही. आजी पुढे म्हणते, इतर मागून म्हणतात, शेवटी लहानांनी मोठ्यांचे बेसांव घ्यावयाचे. आमच्या घरी याच वेळी मुले हात जोडून शुभंकरोति म्हणतात, पर्वचा म्हणतात व वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात. वाड्यावरच्या खुरसापाशी वर्षातून एकदा लादायन होते, शेजारी जमतात, आणि त्यांत तुळशीवृंदावनाच्या अंगणातून आलेला माणूसही असतो. कुंकळ्ळीहून फातर्प्यास जाणाऱ्या शांतादुर्गेच्या सांत्र्यांत बारा वांगडांच्या बारा छत्र्या असतात, आणि त्या वांगडांतील ख्रिस्ती गावकरही मान धरून असतात. १५८३ नंतर!

पुराण तगले ते हातांनी नकलून काढलेल्या प्रतींत, आणि त्यांतील काही गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या कुटुंबांकडे. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ सालदाना यांनी १९०७ साली मंगळूर येथे ते रोमी लिपीत छापले. एक देवनागरी हस्तलिखित लंडन येथे विल्यम मार्सडेन याच्या संग्रहात निघाले.

देवनागरीवरून स्टीफन्सच्या एका पत्राची आठवण होते. १६०८ च्या डिसेंबरात त्याने आपल्या संघाच्या प्रमुखास रोम येथे लिहिले की, या देशाच्या भाषेत व याच देशाच्या अक्षरांत काही पुस्तके छापलेली पाहावी अशी आपली फार वर्षांची इच्छा आहे. अडचण ही की युरोपच्या चोवीस अक्षरांच्या जागी येथे सहाशेच्या आसपास साचे पाडावे लागतील. साचे पाडले गेले नाहीत, आणि त्याचे मराठी पुराण रोमी अक्षरांतच निघाले. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेले ख्रिस्तपुराण पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाने देवनागरीत छापले ते १९५६ साली, त्या पत्रानंतर तीनशे अठ्ठेचाळीस वर्षांनी. आमच्यापाशी असलेल्या प्रतीची पाने पिवळी पडली आहेत. ती घेऊन आम्ही मागे एकदा फेरीबोटीने रायतूरहून शिरोड्यास, कामाक्षीच्या दर्शनास, गेलो होतो. बोटीत शेजारी बसलेल्या एका वृद्ध ख्रिस्ती बाईने पुस्तक कसले म्हणून विचारले. आम्ही थोडे वाचून दाखविले. शब्द सारे कळत नाहीत, पण पुढे वाचा, असे ती म्हणाली. आणि बोट धक्क्याला लागेपर्यंत आम्ही वाचीत होतो.